शून्य नेमकं कशाचं?

माझी भाची आणि तिचा नवरा वर्षभर पुण्यात फ्लॅट शोधताहेत. मागच्या महिन्यात ती एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन घरी आली. बावीस मजली इमारत, पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच आणि वर ठसठशीत अक्षरांत ‘नेट झिरो होम्स’. "मामा, इथे लाइटबिलच येणार नाही म्हणे. शेजारच्या स्कीमपेक्षा बारा लाख जास्त सांगताहेत, पण वसूल होतील ना?"

इमारतींच्या विजेचा हिशेब मांडण्यात माझी तीस वर्षं गेली. तिला कागदावर जे मांडून दाखवलं, तेच इथे लिहितो. हा प्रश्न आता घरोघरी विचारला जातोय आणि त्याचं उत्तर बहुतेकांना घर विकणाऱ्याकडूनच मिळतं, म्हणून लिहायला हवं.

"नेट झिरो म्हणजे बिल शून्य"

तसं नाही. इमारतीने वर्षभरात जेवढी वीज वापरली तेवढीच स्वतः निर्माण केली, तर ती नेट झिरो. हा हिशेब वर्षाचा आहे. रात्री आणि पावसाळ्याच्या कुंद दिवसांत ते घरही महावितरणच्याच विजेवर चालतं. उन्हाळ्यातल्या दुपारी जास्तीची वीज उलट बाहेर जाते. नेट मीटर या दोन आकड्यांची वजाबाकी करतो. वजाबाकी शून्य आली तरी स्थिर आकार भरावाच लागतो, कारण तो जोडणी घेतल्याबद्दल असतो.

दुसरी गोष्ट ऐकून भाचीला धक्काच बसला. बाहेरची वीज गेली की गच्चीवरचं साधं सौर संयंत्रही बंद पडतं, अगदी भर दुपारीसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या पॅनलची वीज लागू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम तसा बनवलेला असतो. वीज गेल्यावरही पंखे फिरायला हवे असतील, तर बॅटरी आणि तिला चालणारा इन्व्हर्टर लागतो. तो खर्च वेगळा.

"गच्चीवर पॅनल बसवले की झालं"

इथे साधा गुणाकार करू. एक किलोवॉटच्या पॅनलना साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि आपल्याकडे त्यातून सरासरी दिवसाला ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिट वीज मिळते. माहितीपत्रकातल्या इमारतीत मजल्यावर चार फ्लॅट, एकूण ८८. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि त्यांच्या सावल्या वगळून गच्चीवर २,५०० चौरस फूट मोकळी जागा उरते असं धरू. म्हणजे २५ किलोवॉट, महिन्याला ३,००० युनिट. ८८ घरांत वाटले तर घरटी ३४. एसी आणि गिझर असलेलं घर महिन्याला २०० युनिट सहज वापरतं, आणि लिफ्ट, पंप, पार्किंगचे दिवे त्याशिवाय.

म्हणून बावीस मजल्यांच्या इमारतीवर ‘नेट झिरो’ लिहिलेलं असेल, तर त्याचे अर्थ दोनच निघतात. एक तर तो दावा फक्त सामायिक विजेपुरता आहे, किंवा वीज दुसरीकडच्या सौर प्रकल्पातून विकत घेतली जाणार आहे. दोन्ही गोष्टी रास्त आहेत. पण यातलं नेमकं कोणतं, करार किती वर्षांचा आणि तो संपल्यावर खर्च कुणाचा, हे लेखी मागा. दिल्लीतलं इंदिरा पर्यावरण भवन २०१४ साली देशातली पहिली मोठी नेट झिरो सरकारी इमारत म्हणून उभं राहिलं. तिथे ९३० किलोवॉटचे पॅनल बसवताना छप्पर इमारतीच्या भिंतींच्या बरंच बाहेरपर्यंत न्यावं लागलं. तेही तिचा वीजवापर आधी काटेकोरपणे खाली आणल्यावर.

आता हाच गुणाकार मी राहतो त्या सोसायटीसाठी करतो. चार मजले, सोळा फ्लॅट, १९८६ चं बांधकाम, गच्ची जवळपास तेवढीच. २५ किलोवॉट, ३,००० युनिट. आमची सोळा घरं सरासरी १५० युनिट वापरतात, म्हणजे २,४००. पंप आणि जिन्याचे दिवे मिळून ४००. जमतंय की! कुणी माहितीपत्रक छापलं नाही, पण पुण्या-मुंबईच्या उपनगरांतल्या, नाशिक-कोल्हापूरच्या अशा हजारो चार मजली इमारती त्या काचेच्या टॉवरपेक्षा नेट झिरोच्या कितीतरी जवळ आहेत.

अडचण असते ती गच्ची वाटून घेण्याची. सोसायटीच्या मीटरला जोडलेल्या संयंत्राची वीज आपोआप प्रत्येकाच्या घरगुती मीटरमध्ये वळती होत नाही. प्रत्येकाला आपला वाटा हवा असेल, तर सर्वसाधारण सभेत ठराव करून गच्चीचे भाग ठरवून द्यावे लागतात. केंद्राच्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत एका घराला १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून जास्त क्षमतेला ७८ हजार रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या सामायिक वापराच्या संयंत्राला किलोवॉटमागे १८ हजार. शिवाय २०२४ च्या नियमबदलानंतर १० किलोवॉटपर्यंतच्या संयंत्राला तांत्रिक तपासणीची वाट पाहावी लागत नाही. पैसा आणि नियम अनुकूल आहेत. आमच्याकडे घोडं अडलं होतं ते पापड वाळवायला जागा राहील का, या प्रश्नावर. पॅनल उंच सांगाड्यावर घेतले आणि खाली सावलीची जागा मोकळी राहिली. पापडांसाठी पुढची कड उन्हात ठेवली आहे.

"गारवा हवा तर एसी हवाच"

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच.

एप्रिलमध्ये रात्री नऊ वाजता पश्चिमेच्या खोलीतल्या भिंतीला तळहात लावून पाहा. सूर्य मावळून दोन तास झालेले असतात, बाहेर वारं सुटलेलं असतं आणि भिंत मात्र नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी ऊब देत असते. दुपारी तीन ते सहा तिने जे ऊन प्यायलं, ते ती आता आत सोडते आहे. एसी रात्रभर झगडतो तो हवेशी कमी आणि या भिंतीशीच जास्त.

गेल्या काही वर्षांत उंच इमारतींत विटांऐवजी ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती आल्या. बांधकामावर सगळे त्याला ‘मायवान’ म्हणतात. काम झटपट होतं, भिंती सरळ येतात, गळती कमी. पण सहा इंची काँक्रीटमधून उष्णता फार सहज आत शिरते. तेवढ्याच जाडीच्या एएसी ब्लॉकमधून, म्हणजे त्या पांढऱ्या हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांतून, ती काँक्रीटच्या साधारण पाव हिश्शाइतकीच येते. दोन फ्लॅटचा रंग, फरशी, नळ अगदी सारखे असले तरी राहण्याचा अनुभव वेगळा का, याचं उत्तर अनेकदा या भिंतीत असतं.

काचेचं गणित त्याहून कडक. ऊन काचेतून एकदा आत आलं की उष्णता घरात आली. मग आतून कितीही जाड पडदा ओढा, तो स्वतः तापून खोलीलाच ऊब देतो. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर. आजीच्या घरातले वाळ्याचे पडदे, व्हरांड्यातले बांबूचे पडदे बाहेरच्या बाजूला असत ते याचसाठी. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेला तो पुरत नाही, कारण संध्याकाळचं ऊन तिरकं, छज्ज्याखालून शिरतं. तिथे उभी जाळी, बाहेरचा पडदा किंवा मुळात लहान खिडकी हाच उपाय. पश्चिमेला भिंतभर काच म्हणजे मावळतीचा देखावा, हे माहितीपत्रकात छान दिसतं. मे महिन्यात त्याच खोलीत बाळाला झोपवायचं असतं.

वाऱ्याचंही तसंच. सरकत्या खिडकीचे दोन काचपट एकावर एक येतात, म्हणून ती जास्तीत जास्त निम्मीच उघडते. बाहेर उघडणारी बिजागरीची खिडकी जवळपास पूर्ण उघडते. मुंबई-कोकणच्या घामट हवेत अंगावर वारा लागणं हाच खरा दिलासा असतो. तिथे हा फरक एका पंख्याइतका मोलाचा आहे.

हे सगळं श्रीमंतांसाठी असतं, असंही समजू नका. राजकोटला प्रधानमंत्री आवास योजनेतली १,१७६ घरांची ‘स्मार्ट घर ३’ वसाहत आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीची लहान घरं. भारत-स्वित्झर्लंड सहकार्याच्या प्रकल्पातून त्यांची आखणी झाली. भिंती एएसी ब्लॉकच्या, खिडक्यांच्या झडपांना काच कमी आणि अपारदर्शक भाग जास्त, घरांमधून जाणाऱ्या उभ्या पोकळीतून गरम हवा वर काढून टाकण्याची सोय. एसी धरून नव्हे, एसी नसेल हे धरूनच ही घरं आखली गेली.

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिचा गाभा सोपा आहे: भिंती आणि खिडक्यांतून दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. या आकड्याला आरईटीव्ही म्हणतात. घर बघायला जाल तेव्हा क्लबहाउसच्या आधी विचारा, "या इमारतीचा आरईटीव्ही किती?" आकडा १५ च्या आत आहे आणि लिहून मिळतो आहे, तर समोरच्याने अभ्यास केला आहे. मी भाचीला हा एक प्रश्न फोनवर विचारायला लावला. विक्री विभागातल्या मुलाने "सरांना विचारून सांगतो" म्हटलं. अजून फोन आलेला नाही.

"अशी घरं महागच असतात"

काही गोष्टींना पैसे पडतात, काहींना पडत नाहीत. खिडकीची दिशा, छज्जा, भिंतीचा ठोकळा हे नकाशावर ठरतं आणि त्या टप्प्यावर त्याचा जास्तीचा खर्च किरकोळ असतो. पुढे तीच चूक दुरुस्त करायला लाखभर लागतात. शिवाय ग्राहकाला क्वचितच सांगितली जाणारी एक बाब: मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला लागू असलेल्या २०२० च्या एकात्मिक विकास नियमावलीत हरित मानांकनाच्या दर्जानुसार बिल्डरला मूळ एफएसआयवर, म्हणजे प्लॉटवरच्या बांधकामाच्या मर्यादेवर, ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय मिळतो. म्हणजे हरित बांधकामाचा मोबदला त्याला जादा बांधकामाच्या रूपाने मिळू शकतो. त्याच हरितपणाचे बारा लाख तुमच्याकडून वेगळे मागितले, तर ते कशाचे हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि मानांकनातला ‘प्लॅटिनम’ म्हणजे नेट झिरो नव्हे. त्यात पाणी, कचरा, झाडं यांचेही गुण असतात.

राहत्या घरात सुरुवात पंख्यापासून करा. जुना पंखा ७५ वॉटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० वॉटचा. चार पंखे रोज दहा तास फिरले तर महिन्याला ५४ युनिट वाचतात. महावितरणचे दर टप्प्यांनी चढतात, म्हणून वाचतात ते सगळ्यात वरच्या, महाग टप्प्यातले युनिट. महिना १०० युनिटांच्या आत आलात तर फरक बिलावर लगेच दिसतो.

दुसरी गोष्ट गच्ची पांढरी करणं. मी सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो, पंखा लावला की स्लॅबची धगच खाली यायची. गेल्या मार्चमध्ये आम्ही गच्चीला ऊन परतवणारा पांढरा लेप दिला. दुपारी तीन वाजता छताचं आतलं तापमान आधी ४१ अंश होतं, नंतर ३६ भरलं. चायना मोझॅकही तेच काम करतं, आणि दरवर्षी मारलेला साधा चुनासुद्धा. पॅनल बसवले तर त्यांच्याखालची गच्ची सावलीत जाते, हा दुहेरी फायदा. पुणे महापालिका सौर यंत्रणा, गांडूळखत, पर्जन्यजलसंचय यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत देते. अनेक सोसायट्या तो अर्जच करत नाहीत.

एसी लागणारच असेल, तर १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त यंत्र जास्त वेळ जोर लावतं. तापमान वर नेलं की प्रत्येक अंशाला सुमारे ६ टक्के वीज वाचते. नव्या एसींचं मूळ तापमान जानेवारी २०२० पासून २४ वर ठेवलेलं असतं ते म्हणूनच. स्टार लेबलवर छापलेले वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापराचे असतात, तुमचे तास मोजून मगच दोन एसींच्या किमतींची तुलना करा.

"जुनी इमारत पाडून नवी हरित बांधली की पर्यावरणाचं भलं"

नेट झिरोचा हिशेब इमारतीत राहायला गेल्यानंतरच्या विजेचा असतो. ती उभारायला लागलेलं सिमेंट-पोलाद बनवताना निघालेला धूर त्यात धरलेला नसतो. इमारत खरोखर धोकादायक झाली असेल, लिफ्टशिवाय म्हाताऱ्या माणसांचे हाल होत असतील, तर पुनर्विकास जरूर करा. पण ‘हरित’ हे पाडण्याचं कारण होऊ शकत नाही.

भाचीने ती बावीस मजली स्कीम सोडली. आता ती पौड रोडला सात मजली इमारतीतला, विटांच्या भिंतींचा, पूर्व-पश्चिमेला भिंत आणि उत्तर-दक्षिणेला खिडक्या असलेला फ्लॅट बघते आहे. तुम्ही नवं घर घेत नसाल, तर तुमच्या सोसायटीची पुढची सर्वसाधारण सभा कधी आहे ते बघा आणि सचिवांना आजच चिठ्ठी द्या: विषयपत्रिकेवर ‘गच्चीचा वापर’ हा विषय घ्यावा. गच्ची मोजून, सगळ्या घरांची वर्षभराची बिलं सोबत घेऊन जा. आमची सभा चाळीस मिनिटांत संपली होती.