काचेच्या खोलीतला घाम : डॅन एनराइट आणि 'ट्वेंटी-वन'

मंडळी, मागच्या खेपेला आपण अनुमानाविषयी बोललो. धूर दिसतो, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. आज त्याच विषयाला धरून एका माणसाची गोष्ट सांगणार आहोत. माणूस तत्त्वज्ञ नाही, टीव्हीवरच्या खेळांचा निर्माता आहे. आमच्या काही जुन्या सहकाऱ्यांना हे आवडणार नाही, पण असो.

डॅन एनराइट हे अमेरिकेतले निर्माते, जन्म १९१७ चा. सूत्रसंचालक जॅक बॅरी हे त्यांचे भागीदार. दोघांनी आधी रेडिओवर काम केलं, मग टीव्हीवर आले. १९५३ मध्ये त्यांनी मुलांसाठी एक कार्यक्रम काढला, 'विंकी डिंक अँड यू'. पन्नास सेंटला एक पारदर्शक कागद विकत घ्यायचा, तो टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा आणि विंकी डिंक नदीपाशी अडला की त्याच्यासाठी खडूने पूल काढून द्यायचा. ज्या घरात तो कागद नव्हता, तिथल्या मुलांनी थेट काचेवरच रेघोट्या मारल्या! आज 'इंटरॅक्टिव्ह' म्हणून जे काही विकलं जातं, त्याची सुरुवात इथे शोधता येते. प्रेक्षकाला नुसतं बघायला नको असतं, आपणही त्यात आहोत असं वाटायला हवं असतं, हे या माणसाला फार लवकर कळलेलं होतं.

सप्टेंबर १९५६ मध्ये एनबीसी वाहिनीवर 'ट्वेंटी-वन' सुरू झाला. दोन स्पर्धक, दोन काचेच्या ध्वनिरोधक खोल्या. विषय आधी सांगायचा. मग स्पर्धकाने एक ते अकरा यांपैकी कितव्या गुणाचा प्रश्न हवा ते सांगायचं. गुण जितके जास्त तितका प्रश्न कठीण. एकवीस गुण झाले की जिंकला. समोरच्याचे गुण किती, हे मात्र त्याला कळत नसे. खेळ म्हणून बेतलेला उत्तम, यात शंका नाही.

आणि पहिला भाग अगदी प्रामाणिकपणे झाला. तो पडला! स्पर्धकांची उत्तरं एकामागून एक चुकत गेली. प्रायोजक होती 'जेरिटॉल' या टॉनिकची कंपनी. दुसऱ्या दिवशी त्यांनी झापलं, की असलं पुन्हा दिसता कामा नये. त्या क्षणापासून आपण उत्तरं आधी पुरवायचं ठरवलं, असं एनराइट यांनी पुढे स्वतःच सांगितलं.

हर्बर्ट स्टेम्पल हा क्वीन्समधला सैन्यातून परतलेला विद्यार्थी. स्मरणशक्ती विलक्षण. एनराइट यांनी त्याला नुसती उत्तरं दिली नाहीत, त्याला घडवला. अंगाला न बसणारा सूट, बारीक कापलेले केस. खोलीतला गारवा बंद ठेवायचा, म्हणजे घाम येईल. तो घाम पुसायचा नाही, रुमालाने हळूच टिपायचा. कुठे थांबायचं, कुठे अडखळायचं, तेही ठरलेलं. काही आठवड्यांनी लोक त्याला कंटाळले असं वाटल्यावर चार्ल्स व्हॅन डोरेन यांना आणलं. कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे, कवी मार्क व्हॅन डोरेन यांचे चिरंजीव, दिसायला देखणे. एनराइट यांच्या हाताखालचे निर्माते अल्बर्ट फ्रीडमन यांनी त्यांना गळ घातली, की तुमच्यामुळे शिक्षकी पेशाची आणि विद्येची प्रतिष्ठा वाढेल. ही गळ कुठे लागते, हे आम्ही शिक्षक मंडळी जाणून आहोत.

५ डिसेंबर १९५६. स्टेम्पलला हरायला सांगितलेलं. प्रश्न होता : १९५५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर कोणाला? उत्तर 'मार्टी'. हा चित्रपट त्याने तीनदा पाहिला होता, त्याच्या आवडीचा होता. त्याने ठरल्याप्रमाणे 'ऑन द वॉटरफ्रंट' असं सांगितलं. व्हॅन डोरेन पुढे १ लाख २९ हजार डॉलर घेऊन गेले, 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले.

आता बघा, गंमत इथे आहे. व्हॅन डोरेन यांनी दिलेली उत्तरं बरोबर होती. घरी बसून ती ऐकणाऱ्याच्या माहितीत खरीच भर पडली. मग खोटं नेमकं कुठे होतं? वाक्यात नव्हतं. ते वाक्याच्या आधीच्या थांबण्यात होतं, ओठ चावण्यात होतं. आम्ही कितीतरी वर्षं तोंडी परीक्षा घेतल्या. विद्यार्थी थांबला, कपाळावर आठ्या आल्या, की तो आठवतोय असं आपण धरून चालतो. हे अनुमान आहे. नैयायिक सांगतात, लांबून धुकं पाहून धूर आहे असं वाटलं, तर अग्नीचं अनुमान फसतं. तिथे धुक्याचा काही दोष नसतो, ते आपलं पडलेलं असतं. एनराइट यांनी धुकं मुद्दाम पसरवलं, आणि तेही कोट्यवधी घरांत.

तुम्ही म्हणाल, नाटकातही नट खोटं रडतो. बरोबर. पण तिकीट काढतानाच आपल्याला ते ठाऊक असतं. इथे जे विकलं जात होतं ते 'हे नाटक नाही' हेच होतं. त्या काचेच्या खोल्या, ती कडेकोट गुप्तता, सगळं तेवढं एकच पटवायला होतं. १९५९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे एनराइट यांनी बचाव केला तो असा, की मनोरंजनात थोडी फसवणूक चालायचीच. आम्हांला हा युक्तिवाद पटत नाही. पण तो मूर्खपणाचा आहे असंही म्हणवत नाही. वर्गात आम्ही तो मांडला की निम्मी मुलं त्यांच्या बाजूने जायची.

प्रकरण फुटलं कसं? स्टेम्पल बोलत होता, पण चडफडणारा पराभूत म्हणून त्याच्याकडे कोणी लक्ष देईना. मग जेम्स स्नॉडग्रास नावाचा दुसरा स्पर्धक पुढे आला. आपल्याला दिलेले प्रश्न आणि उत्तरं त्याने कार्यक्रमाआधीच स्वतःच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवून ठेवली होती. ती बंद पाकिटं समितीपुढे फोडली गेली. आणखी एक विपरीत गोष्ट ऐका. त्या वेळी असा खेळ ठरवून खेळवणं हा गुन्हाच नव्हता. कायदा झाला १९६० मध्ये. शिक्षा झाल्या त्या शपथेवर खोटं बोलल्याबद्दल, आणि त्या स्पर्धकांना, व्हॅन डोरेन धरून. त्याही स्थगित ठेवल्या गेल्या. व्हॅन डोरेन यांची विद्यापीठातली आणि एनबीसीतली, दोन्ही कामं गेली. पुढे ते एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात काम करू लागले. शिकवणं मात्र बराच काळ सुटलं.

एनराइट काही वर्षं कॅनडात काम करून परत आले. सत्तरच्या दशकात बॅरी यांच्यासोबत पुन्हा खेळांचे कार्यक्रम काढले, आणि ते चालले. १९९२ मध्ये या प्रकरणावर एक माहितीपट आला. त्यात एनराइट स्वतः बसून बोलले, पहिल्या पडलेल्या भागाची हकिगतही सांगितली. त्याच वर्षी ते वारले. स्टेम्पल २०२० पर्यंत होता, आणि लोक भेटले की त्याला 'मार्टी'बद्दलच विचारत.