इंजिन सुरू होताच सुकाणू एका बाजूला का ओढते?

शिडाच्या बोटीला बंदरात शिरताना बहुधा इंजिन लागते. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' या बोटीवरून कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही शिडांच्या बळावर. वाटेत चार बंदरांत थांबे होते. अशा थांब्यांवर शिरताना, शिडावर हलके वाटणारे सुकाणू इंजिनावर हाताला ओढ देऊ लागले, तर बोट बिघडली असे समजू नये.

बोटीचा पंखा (प्रोपेलर) पाणी नुसते मागे फेकत नाही, त्याला पीळही देतो. मागून पाहता पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर हे पाणी सुकाणूच्या वरच्या भागाला उजवीकडे आणि खालच्या भागाला डावीकडे ढकलते. पंख्याच्या दांड्याच्या रेषेच्या वर आणि खाली सुकाणूचे क्षेत्रफळ सारखे नसले की मोठ्या भागाची सरशी होते आणि मुठीला ओढ जाणवते.

याखेरीज पंख्याचा दांडा बहुधा मागे उतरता असतो. त्यामुळे खाली येणारे पाते वर जाणाऱ्या पात्यापेक्षा पाण्याला जास्त रेटते. अशा पंख्यात ते पाते उजवीकडे असल्याने नाळ डावीकडे वळू पाहते. उलट्या गिअरमध्ये पिछाडी डावीकडे सरकते, आणि धक्क्याला लागताना हाच परिणाम सर्वांत ठळक दिसतो.

कारण ओळखण्याची खूण सोपी आहे. बोट वेगात असताना इंजिन न्यूट्रलला टाकावे. ओढ लगेच नाहीशी झाली, तर ती पंख्याचीच. तशीच राहिली, तर सुकाणूची बैठक तपासून घ्यावी.