विश्लेषण : 79 टनांचं विमान हवेत टिकतं कसं? मुलांना समजावताना नेमकी चूक कुठे होते?

पंखाच्या वरून जाणाऱ्या हवेला जास्त अंतर कापावं लागतं म्हणून ती वेगाने धावते, हे उत्तर अनेकांनी शाळेत असताना ऐकलेलं असतं. पुढे आई-बाबा झाल्यावर तेच उत्तर मुलांना दिलं जातं. अडचण एवढीच, की ते चुकीचं आहे. मग खरं कारण काय? आणि ते सोप्या शब्दांत कसं सांगायचं?

नेहमीचं उत्तर काय असतं?

विमानाचा पंख वरून फुगीर आणि खालून सपाट असतो. समोरून येणारी हवा पंखाजवळ दुभंगते. वरच्या हवेला लांबचा रस्ता, खालच्या हवेला जवळचा. पंखाच्या मागच्या टोकाला दोघींना एकाच वेळी पोहोचायचं असतं, म्हणून वरची हवा पळते. वेग वाढला की दाब कमी होतो आणि विमान वर उचललं जातं.

ऐकायला हे अगदी पटतं. पण 'एकाच वेळी पोहोचायचं' हा नियम हवेला कुणी घालून दिला, याचं उत्तर त्यात नाही.

ते चुकीचं आहे, हे कशावरून?

केंब्रिज विद्यापीठातले प्राध्यापक होल्गर बाबिन्स्की यांनी 2003 मध्ये 'फिजिक्स एज्युकेशन' या नियतकालिकात याच गैरसमजावर लेख लिहिला. पंखाभोवती धुराच्या रेषा सोडून त्यांनी हवेचा प्रवास दाखवला. वरून गेलेली हवा खालच्या हवेबरोबर पोहोचत नाही, ती तिच्या बरीच आधी पोहोचते. म्हणजे वरची हवा वेगाने जाते हे खरं, पण त्यासाठी दिलं जाणारं कारण खोटं.

हे उत्तर चुकीचं असल्याचा पुरावा मुलांच्या हातातही असतो. वहीचं पान फाडून केलेल्या विमानाचे पंख सपाट असतात, वर फुगवटा नसतो. तरीही ते वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तरंगत जातं. हवाई कसरतींमध्ये तर विमानं उलटी होऊनही उडतात. फुगीर बाजू खाली गेल्यावर नेहमीच्या उत्तरानुसार ती खाली खेचली जायला हवीत, पण तसं होत नाही.

मग खरं कारण काय?

सुरुवात हवेपासून करावी लागते. हवा दिसत नाही म्हणून मुलांना ती 'काहीच नाही' अशी वाटते. प्रत्यक्षात 1 घनमीटर हवेचं वजन सुमारे 1.2 किलो असतं. 10 फूट लांब, 10 फूट रुंद आणि 10 फूट उंच खोलीतल्या हवेचं वजन साधारण 33 किलो भरतं, म्हणजे जवळपास पाचवीतल्या मुलाएवढं! ज्याला वजन आहे, त्याला ढकलता येतं आणि ढकललं की ते उलट ढकलतं. हा न्यूटनचा तिसरा नियम.

विमानाचा पंख हेच करतो. त्याची पुढची कड किंचित वर उचललेली असते. पंख वेगाने पुढे जातो तेव्हा खालची हवा त्याला आपटून खाली वळते. वरची हवाही पंखाच्या पाठीला धरून वळते आणि मागच्या टोकाकडून खाली जाते. थोडक्यात, पंख हवेला सतत खाली लोटतो आणि हवा पंखाला वर लोटते. वर उचलणाऱ्या या बलाला 'लिफ्ट' म्हणतात.

मग बर्नोली चुकला का?

नाही. डॅनिएल बर्नोलीने 1738 मध्ये आपल्या ग्रंथात वाहत्या द्रवाचा वेग आणि दाब यांचा संबंध मांडला आणि तो आजही खरा आहे. हवा पंखाच्या पाठीवरून वळताना तिथला दाब कमी होतो, खालचा दाब वरच्यापेक्षा जास्त राहतो. दाबातला फरक आणि हवेचं खाली वळणं ही एकाच घटनेची दोन वर्णनं आहेत. चूक आहे ती फक्त 'एकाच वेळी पोहोचण्याच्या' गोष्टीत.

पण 79 टन वजन पेलतं कसं?

भारतात सर्रास दिसणाऱ्या एअरबस ए320 निओ विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन सुमारे 79 टन असतं. पंखांचं क्षेत्रफळ साधारण 122 चौरस मीटर. भागाकार केला तर पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण 650 किलोंचा भार येतो.

हा आकडा मोठा वाटतो. पण समुद्रसपाटीला हवा प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 10 टन इतक्या जोराने दाबत असते. म्हणजे पंखाच्या वर आणि खाली मिळून या दाबात सुमारे 6 टक्के फरक पडला तरी विमान उचललं जातं.

हा फरक पाडायला वेग लागतो. बाकी सगळं तसंच ठेवून वेग दुप्पट केला, तर लिफ्ट चौपट होते. म्हणून विमान धावपट्टीवर आधी पळतं, मग उडतं. इंजिनाचं काम विमानाला पुढे ढकलण्याचं, उचलण्याचं काम पंखांचं.

घरी करून पाहता येईल का?

दोन प्रयोग पाच मिनिटांत होतात. पहिला, चमच्याचा. नळाची बारीक धार सोडावी. चमचा दांड्याच्या टोकाला सैल धरून लोंबता ठेवावा आणि त्याची फुगीर पाठ धारेला लावावी. पाणी पाठीला धरून एका बाजूला वळतं आणि चमचा उलट बाजूला, धारेकडे खेचला जातो. पंखाच्या वरच्या बाजूला हवा असंच वळते.

दुसरा, पुठ्ठ्याचा. मोठ्या माणसाने सोबत थांबून, जाळी असलेल्या टेबल फॅनसमोर पुठ्ठा आडवा धरायला लावावा. पुढची कड जराशी उचलली की पुठ्ठा वर उचलला जातो. कड फारच वर केली तर तो वर जाण्याऐवजी मागे ढकलला जातो. खऱ्या विमानातही कोन साधारण 15 अंशांपलीकडे गेला, की हवा पंखाची पाठ सोडते आणि लिफ्ट एकदम घटते. याला 'स्टॉल' म्हणतात.

इंजिन बंद पडलं तर?

12 जून 2025 रोजी अहमदाबादमध्ये झालेल्या विमान अपघाताची दृश्यं अनेक मुलांनी मोबाइलवर पाहिली. त्यामुळे हा प्रश्न आता घराघरात येतो आणि 'असं काही होत नाही' म्हणून तो टाळणं योग्य नाही.

इंजिन थांबलं तरी पंख काम करतच राहतात. विमान हळूहळू उंची गमावत पुढे तरंगत जातं, कागदी विमानासारखं. 24 ऑगस्ट 2001 रोजी टोरँटोहून लिस्बनला निघालेल्या एअरबस ए330 विमानाचं इंधन अटलांटिक महासागरावर संपलं. दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर ते सुमारे 19 मिनिटं आणि 120 किलोमीटर तरंगत जाऊन अझोर्स बेटांवर उतरलं. मुंबई ते पुणे सरळ रेषेत मोजलं तर अंतर जवळपास एवढंच भरतं. विमानातले सर्व 306 जण वाचले.

मात्र तरंगायला उंची लागते. आकाशात 10 किलोमीटरवर वैमानिकाच्या हाती बराच वेळ असतो. उड्डाणानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत तो जवळपास नसतो. मुलांना हेही सांगायला हवं, कारण अर्धवट धीर दिला तर पुढच्या बातमीबरोबर तोही खचतो.

एका वाक्यात सांगायचं तर?

'पंख हवेला खाली ढकलतो, म्हणून हवा विमानाला वर ढकलते.' सहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. पुढे भौतिकशास्त्र शिकताना त्यात भर पडते, पण यातलं काही खोडावं लागत नाही. आणि मुलाने 'मग कागदी विमान कसं उडतं?' असं विचारलं, तर गप्प बसवण्याची वेळ येत नाही. उत्तर तेच असतं.