जुन्या पीसीची नाडी – लेखांक ६ : डिस्प्ले केव्हा जातो?

बटण दाबल्यावर पडदा उजळतच नाही, अशा पीसीचं मागच्या आठवड्यात पाहिलं. आजचा आजार त्याहून छळणारा आहे. पीसी नीट सुरू होतो, काम रंगात येतं आणि मध्येच पडदा काळा होऊन त्यावर ‘नो सिग्नल’ची पाटी येते. दुकानात नेला की तासभर गुण्यागोविंदाने चालतो, घरी आणला की पुन्हा तेच.

माझी भाची पुण्यात वास्तुकला शिकते. तिने एका कार्यालयातून निघालेला टॉवर सेकंड हँड घेतला. त्रिमितीय मॉडेलं करायची म्हणून दुकानदाराने त्यात एक जुनं ग्राफिक्स कार्डही बसवून दिलं. पंधरा दिवसांत तिचा फोन आला, “मामा, डिस्प्ले जातोय. रिस्टार्ट केलं की येतो.” विंडोज नव्याने टाकून झालं होतं. मैत्रिणीचा मॉनिटर लावून झाला होता. सबमिशन आठ दिवसांवर आलं होतं आणि पोरीचा जीव टांगणीला लागला होता.

मी विचारलं, “केव्हा जातो?”

“कधीही जातो.”

हे उत्तर मी कधीच मान्य करत नाही. यंत्र लहरी नसतं, आपली नोंद अपुरी असते. तिला म्हटलं, एक वही घे. डिस्प्ले गेला की वेळ लिही, तेव्हा काय करत होतीस ते लिही, गाणं चालू असेल तर ते चालू राहिलं का ते लिही, पंख्याचा आवाज बदलला का आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबल्यावर दिवा लागतो-विझतो का, तेही लिही.

यातलं प्रत्येक कलम कामाचं आहे. ‘नो सिग्नल’ ही पाटी मॉनिटर स्वतः लिहितो, म्हणजे त्याचा पडदा आणि त्यामागचा उजेड शाबूत आहेत. त्याला फक्त चित्र मिळत नाहीये. गाणं चालू असेल, कॅप्स लॉकचा दिवा ऐकत असेल, तर विंडोज, प्रोसेसर आणि रॅमही जागे आहेत. मग संशय उरतो तो चित्र तयार करणाऱ्या कार्डावर, त्याच्या विजेवर आणि मॉनिटरपर्यंतच्या वायरवर. गाणं एकाच सुरावर अडकून घरघरलं आणि दिवाही हलेना, तर सगळा पीसीच गोठला आहे आणि शोध वेगळ्या दिशेने करायचा.

वेळही बोलते. हात न लावता दर वेळी ठरावीक मिनिटांनीच पडदा जात असेल आणि माउस हलवल्यावर परत येत असेल, तर तो बिघाड नसून पडदा झोपवण्याची सेटिंग आहे. टेबलाला धक्का लागल्यावर जात असेल किंवा त्याआधी चित्र पिवळट-गुलाबी होत असेल, तर वायर पाहा. जुन्या कार्यालयीन पीसींना अजून निळ्या टोकाची व्हीजीए वायर असते. १९८७ सालचा हा जोड, पंधरा पिनांचा, आणि त्याचे दोन स्क्रू कुणी आवळत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, पीसी बरेच दिवस बंद राहिल्यावर डिस्प्ले येईनासा झाला तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या पेन्सिलच्या मऊ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसायच्या आणि परत बसवायची. शाईचा खरखरीत रबर नको, तो मुलामाच खरवडतो.

भाचीच्या वहीत तीन दिवसांत पाच नोंदी झाल्या. पाचही वेळा ती मॉडेल फिरवत होती किंवा रेंडर लावलं होतं. गाणं चालू राहिलं. कार्डाचा पंखा एकदम जोरात सुटला. लिहिताना, इंटरनेटवर वाचताना एकदाही डिस्प्ले गेला नाही.

म्हणजे कार्डावर भार आला की जातो. भाराचे आजार मुख्यतः दोन, उष्णता आणि वीज. उष्णतेला चढायला वेळ लागतो. दहा-वीस मिनिटांनी डिस्प्ले जातो आणि लगेच सुरू केलं तर पुढच्या वेळी आणखी लवकर जातो. इथे एक नोंद सकाळी सात वाजताची होती. पीसी रात्रभर बंद, कार्ड थंडगार, आणि रेंडर सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं. रोख विजेकडे वळला.

रविवारी मी गेलो. प्लग काढला, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली आणि बाजूची झडप उघडली. कार्डाला सहा पिनांची जास्तीची वीज लागत होती. कार्यालयीन टॉवरच्या छोट्या एसएमपीएसला तशी वायर नव्हती, म्हणून हार्ड डिस्कची साटा वायर एका ॲडॉप्टरने कार्डाला जोडली होती. हिशेब साधा आहे. साटा जोडात बारा व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीची झेप दीड अँपिअर, म्हणजे एकूण ५४ वॉट. सहा पिनांच्या जोडातून कार्ड ७५ वॉटपर्यंत मागू शकतं. पायवाटेवरून ट्रक नेला होता. जोड सोडवला तर प्लॅस्टिक तपकिरी पडून मऊ झालेलं, दोन पिना काळवंडलेल्या. अशा पिनांचा रोध वाढतो. भार येताच व्होल्टेज खाली बसतं, कार्ड चित्र सोडून देतं, आणि बाकीचा पीसी गाणं वाजवत राहतो. विंडोज पुन्हा टाकणं म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला असं झालं होतं.

हा जोड आणखी काही महिने तसाच राहिला असता तर पेटूही शकला असता. मला राग आला तो याचा. हॉस्टेलच्या खोलीत रात्रभर रेंडर लावून मुली झोपतात.

खात्रीसाठी कार्ड काढलं आणि मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला लावला. कार्ड बसवलेलं असताना बऱ्याच पीसींत हा पोर्ट आपोआप बंद असतो, म्हणून कार्ड काढूनच ही परीक्षा करायची. दुपारभर तेच मॉडेल फिरवलं. कूर्मगतीने फिरलं, पण डिस्प्ले गेला नाही.

मोठा एसएमपीएस घालावा, हा पहिला विचार. पण अनेक कंपन्यांच्या कार्यालयीन टॉवरमध्ये मदरबोर्डचा वीजजोड त्यांच्या खास मापाचा असतो, बाजारातला एसएमपीएस सरळ बसत नाही. म्हणून स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवरच भागणारं कार्ड शोधलं. २०१६ सालच्या जीटीएक्स १०५० टीआयची बरीच मॉडेलं वेगळी वायर मागत नाहीत. दुकानदाराला तपकिरी जोड दाखवला, त्याने काही न बोलता कार्ड बदलून दिलं.

एसएमपीएसची पेटी स्वतः मात्र कधी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतणारा भार राहतो. आणि इंटरनेटवर सांगतात तसं कार्ड ओव्हनमध्ये भाजू नका. चार दिवस चालल्यासारखं वाटतं आणि घरातल्या भट्टीत नको ते धूर शिरतात.

जुना पीसी घेताना पैसे देण्याआधी बाजूची झडप उघडायला लावा आणि कार्डाची वायर कुठून आली आहे ते बोटाने शोधत एसएमपीएसपर्यंत जा. मध्ये ॲडॉप्टर लागला तर तिथेच थांबून विचारा. पुढच्या आठवड्यात हार्ड डिस्कचे आवाज.