जामीन आणि पत

हमीदाराची ऐपत पाहिल्यावाचून कोणी कर्ज देत नाही, आणि व्यवहारात ते रास्तच आहे. परंतु माणसाचे स्वातंत्र्यही याच मापाने मोजावे काय?

खारदांड्याच्या कोळीवाड्यात भाड्याने राहणाऱ्या एखाद्या मजुरास किरकोळ चोरीच्या आरोपावरून अटक झाली, असे समजू. न्यायालय जामीन मंजूर करते. पण ऐपतदार जामीनदार आणावा कोठून? नातलग गावी, हाती भाडेपावतीही नाही. सुटकेचा आदेश होऊनही तो तुरुंगातच राहतो. गुन्हा सिद्ध होण्यापूर्वीच शिक्षा सुरू होते.

हाच प्रश्न १९७८ साली मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून त्याची हमीही नाकारली गेली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याच्या सुटकेचा आदेश दिला.

जामीन मिळूनही महिनाभरात हमी देता आली नाही, तर अटी शिथिल करण्याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. त्याच वर्षीच्या केंद्रीय योजनेत गरीब कच्च्या कैद्यासाठी सुरुवातीला ४०,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद होती. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विनामूल्य वकील देते.

जामीनदार होण्यात जोखीम आहेच. आरोपी हजर न राहिल्यास रक्कम भरावी लागते. तरीही पेढीवर वर्षानुवर्षे राबलेल्या नोकराची खात्री मालकाहून अधिक कोणास असणार? अशा वेळी पुढे केलेली पत वाया जात नाही.