अक्षरांपाशी अडखळणारे मूल आणि मे महिन्याची सुटी

वार्षिक परीक्षेचा निकाल हाती पडला की अनेक घरांत एकच कोडे पडते. मुलगा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, तोंडी हिशेबात चुकत नाही, बिघडलेली सायकल उघडून पुन्हा जोडतो; मग पाचवीत पोचूनही साधा परिच्छेद वाचताना त्याची जीभ का अडखळते? उत्तर बहुधा ठरलेले असते : आळशी आहे, लक्ष देत नाही. उपायही ठरलेलाच. सुटीभर शिकवणी!

हे कोडे नवे नव्हे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा बुद्धिमान, दृष्टी उत्तम, अंक सहज वाचणारा. परंतु अनेक वर्षे शिकवूनही अगदी लहान शब्दांपलीकडे त्याचे वाचन जात नव्हते. सारे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते.

या अडचणीला आज डिस्लेक्सिया म्हणतात. हा डोळ्यांचा दोष नव्हे आणि बुद्धीचाही नव्हे. कानी पडलेला ध्वनी आणि कागदावरची खूण यांची सांगड घालण्याचे काम अशा मुलाच्या मेंदूत सहजी होत नाही. देवनागरीत हे काम वाटते तितके सोपे नाही. घ आणि ध, म आणि भ यांत फरक एवढासा. ‘दिवस’ शब्दातील वेलांटी लिहिताना द च्या आधी येते, ऐकताना मात्र नंतर. र तर ‘सूर्य’मध्ये डोक्यावर चढतो, ‘चक्र’मध्ये पायाशी बसतो आणि ‘तऱ्हा’मध्ये तिसरेच रूप घेतो. मोठ्यांना याचे काही वाटत नाही, कारण ते केव्हाच अंगवळणी पडलेले असते.

बेळगाव, बडोदे, हैदराबाद येथील मराठी मुलांपुढे आणखी एक-दोन लिप्या असतात. तेथे पालकांनी एक गोष्ट पारखून पाहावी. मूल मराठी नीट वाचते, पण कन्नड, गुजराती किंवा तेलुगू वाचताना अडते, तर बहुधा सराव अपुरा आहे. घरच्या भाषेतही तीच अडखळ असेल, तर आधी डोळे व कान तपासून घ्यावेत आणि मग तज्ज्ञांकडून वाचनाची चाचणी करून घ्यावी.

आता सुटीचे. चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहावयास लावण्याची जुनी रीत सोडून द्यावी. तिने हात दुखतो, शब्द येत नाही. पूर्वी मुले धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत. ती रीत मात्र मोलाची होती. ताटात बारीक रेती किंवा रवा पसरून, अक्षराचा उच्चार करीत ते बोटाने काढले, की डोळा, कान आणि हात एकत्र शिकतात. रोज वीस मिनिटे पुरे, पण खंड नको. रात्री आजी-आजोबांनी पुस्तक वाचून दाखवावे; वाचता येत नाही म्हणून गोष्टींना मुकण्याचे कारण नाही. उरलेला दिवस सायकलीचा, चित्रांचा, पोहण्याचा. वर्षभर वर्गात मागे पडलेल्या मुलाला आपल्याला काय येते हे कळण्याची जागा तीच असते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आहे. प्रमाणपत्र असल्यास परीक्षा मंडळे जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती देतात. मात्र प्रत्येक मंडळाचे नियम निराळे असल्याने दहावीच्या तोंडावर धावपळ न करता शाळेत आधीच चौकशी करावी.

शाळा उघडताच आईवडिलांनी नव्या वर्गशिक्षकांना भेटून दोन गोष्टी सांगाव्यात : त्याला अचानक उभे करून मोठ्याने वाचावयास लावू नये, आणि धडा समजला की नाही हे आधी तोंडी विचारून पाहावे.