ज्ञानदेवांनंतरचे नामदेव

शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, म्हणजे इसवी सन १२९६ मध्ये, ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, तेव्हा नामदेव सव्वीस वर्षांचे होते. पुढच्या सात-आठ महिन्यांत सोपानदेव सासवडला गेले, मुक्ताबाई तापीकाठी अंतर्धान पावल्या आणि निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी देह ठेवला. चंद्रभागेच्या वाळवंटात एकत्र कीर्तनाला उभा राहणारा मेळा असा बघता बघता मोडला. नामदेव त्यानंतर तब्बल ५४ वर्षं जगले. ज्ञानदेव आणि नामदेव ही जोडनावं आपण टाळ-मृदंगासारखी एका श्वासात घेतो, पण या ५४ वर्षांत काय घडलं हे हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचं नाव अभिमानाने सांगणाऱ्या आपल्यालाही फारसं ठाऊक नसतं. नामदेवांचा जन्म नरसीचा की पंढरपूरचा हा वाद जुना आहे. कयाधूकाठच्या या गावाने मात्र नामदेव हे आपलं आडनाव असल्यासारखं मिरवलं आहे, म्हणून हा विचार इथून करावासा वाटतो.

गाणं रचणारी जोडी फुटली की दोघे आपापल्या मूळ स्वभावाकडे परततात, असा एक सर्वमान्य समज आहे. १९७० साली ‘बीटल्स’ हा इंग्लंडचा वाद्यवृंद मोडला, तेव्हा त्याची गाणी रचणाऱ्या जोडीतले लेनन अधिक उघडे, टोकदार झाले आणि मॅकार्टनी अधिक सुरेल, असं सांगितलं जातं. आपल्याकडे १९७१ मध्ये संगीतकार जोडीतले जयकिशन गेले आणि शंकर यांनी त्यानंतरही चित्रपटांवर ‘शंकर-जयकिशन’ हेच नाव ठेवलं. पण नाव जपणं वेगळं आणि जोडीदाराचा वाटा स्वतः उचलणं वेगळं. माझं म्हणणं असं की, नामदेवांनी दुसरी गोष्ट केली. ज्ञानदेव गेल्यावर ते अधिक ‘नामदेव’ झाले नाहीत. त्यांच्या गाण्यात ज्ञानदेवांचा भाग वाढत गेला.

मुळात या दोघांना जोडी म्हणावं का? दोघांनी मिळून एक अभंगही लिहिलेला नाही, हा आक्षेप खरा आहे. पण वारकऱ्यांचं गाणं कागदावर जन्मत नाही, ते ऐकणाऱ्यांत उभं राहून घडतं, आणि तिथे हे दोघे एकत्र होते. दोघांचा पिंड किती वेगळा होता, हे तीर्थयात्रेतल्या विहिरीच्या कथेत नेमकं आलं आहे. मरुभूमीत तहान लागली आणि विहीर खोल. ज्ञानदेव योगबळाने सूक्ष्म होऊन आत उतरले, पाणी पिऊन वर आले. नामदेवांनी काठावर बसून विठ्ठलाला हाक मारली आणि विहीर भरून वाहू लागली. कथा घडली की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू. ती रचणाऱ्यांना फरक अचूक कळला होता: एकाची वाट आत उतरण्याची, दुसऱ्याची हाक मारण्याची. नामदेवांना पंढरी सोडून यात्रेला निघणंही जड गेलं होतं, कारण त्यांचा देव विटेवर उभा होता आणि त्याला सोडून जायचं म्हणजे काय, हे त्यांना उमगत नव्हतं.

सोबत सुटल्यावर त्यांनी ज्ञानदेवांचंच चरित्र गायलं. ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ या नावांनी ओळखली जाणारी त्यांची प्रकरणं म्हणजे ज्ञानदेवांची पहिली जीवनकथा. समाधीच्या अभंगांत त्यांचीच मुलं, नारा, विठा, गोंदा आणि महादा, ती जागा झाडायला जातात. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्यांत ज्ञानदेव स्वतःच्या आयुष्याबद्दल किती कमी बोलतात, हे पाहिलं की या कामाचं मोल कळतं. ज्ञानदेव माणूस म्हणून आज आपल्याला जे दिसतात, ते बरेचसे नामदेवांच्या डोळ्यांनी.

मग पंजाब. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी नामदेवांनी अनेक वर्षं काढली अशी तिथली परंपरा आहे, आणि शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. ती मराठी माणसाने वाचावीत. चंद्रभागेचं वाळवंट, पुंडलिक, पताकांची दाटी तिथे भेटत नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे नव्हतं, ते नामदेवांनी मागे ठेवलं. विठ्ठल मात्र ‘बीठल’ होऊन बरोबर आला, आणि आता तो विटेवर नाही, इकडे-तिकडे सगळीकडे आहे. राग आसातल्या एका पदात पूजेची सामग्री एकेक करून बाद होते: घागरीतल्या पाण्यात लाखो जीव आधीच नांदताहेत, फुलं भुंग्याने हुंगलेली, दूध वासराने उष्टावलेलं. मग देवाला वाहायचं काय? जो सगळ्यांत आधीपासून आहे, त्याला काही वाहण्याची गरजच उरत नाही. विहिरीत उतरणाऱ्या ज्ञानदेवांचा हा विचार आहे, आणि तो सांगतो आहे काठावर हाक मारणारा. रीत मात्र नामदेवांचीच. मनाचा गज, जिभेची कात्री, सोन्याची सुई, रुप्याचा धागा अशी शिंप्याच्या हातातली हत्यारं त्यांनी पाच नद्यांच्या मुलखापर्यंत नेली. राग तिलंगमध्ये तर ते ‘यारां’ अशी साद घालतात आणि देवाला ‘करीम’, ‘रहीम’ म्हणतात.

यावर एक हरकत अशी की, हा बदल समाधीच्या आधीचा आहे. औंढा नागनाथला पिंडीवर पाय ठेवून झोपलेल्या विसोबा खेचरांनी देव सर्वत्र असल्याचं नामदेवांना आधीच दाखवलं होतं. मान्य. पण नामदेवांना तिथवर पोचवलं कोणी? मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबा काकांनी थापटण्याने संतांची डोकी मडक्यांसारखी तपासली, नामदेवांना कच्चं ठरवलं, म्हणून ते विसोबांकडे गेले, असंच परंपरा सांगते. म्हणजे तो धडाही त्याच मेळ्याने दिला. धडा मिळणं आणि तो गाण्यात उतरणं यांत मात्र वर्षं जातात, आणि ज्याला पंढरपूर ठाऊकच नाही असा श्रोता समोर आल्यावर तो पुरता उतरला.

दुसरी हरकत जास्त वजनाची आहे. ग्रंथसाहिबाची पहिली संहिता १६०४ ची, नामदेवांनंतर अडीचशे वर्षांनी सिद्ध झालेली. ही पदं कोणा दुसऱ्या नामदेवाची कशावरून नसतील? आपल्या गाथेतही विष्णुदास नामा या नंतरच्या कवीचे अभंग मिसळले आहेतच. प्रत्येक पदाची खात्री कोणी देऊ नये. पण ‘आनीले’, ‘भराईले’ अशी मराठी वळणाची क्रियापदं, ‘बीठल’ हे नाव आणि देऊळ फिरल्याची कथा यांचं काय करायचं? हाकलल्या गेलेल्या भक्तासाठी देवळाने तोंड फिरवलं, ही आपण औंढ्याची म्हणून सांगतो ती गोष्ट ग्रंथसाहिबात आहे. फरक एवढाच की, आपला शिंपी तिथे ‘छीपा’, म्हणजे कापडावर छपाई करणारा झाला आहे. निव्वळ पंजाबी रचनाकाराला हे सगळं सुचण्याचं कारण दिसत नाही.

मेळ्यातले बाकीचे दूर गेले नाहीत. गंगाखेडच्या जनाबाईंचं गाणं जात्यापाशीच राहिलं आणि तिथेच मोठं झालं. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली गेले. त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणून महाद्वारापाशी समाधी बांधली ती नामदेवांनी. म्हणजे दूर गेलेला परतही येत होता.

२०१५ च्या एप्रिलमध्ये ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं आणि ही ओळख काही दिवस ताजी झाली. तिथल्या गुरुद्वारांत नामदेवांची पदं रागांत गायली जातात. आपल्याकडे नरसी, औंढा, वसमत, कळमनुरीच्या भजनी मंडळांत गाथेतले अभंग होतात, ती ६१ पदं क्वचितच. या कार्तिकी एकादशीला, नामदेवांच्या जयंतीला, निदान राग आसातलं ते घागरीचं पद तरी म्हणायला घ्या. त्यातली क्रियापदं तुमच्या ओळखीची निघतील.